लहान मुलांच्या कपड्यांना लेबल, टॅग, बटणं: हातात पैसे थोडे असतील तर ते कुठं घालावेत?

झबलं_टोपडं

नमस्कार मंडळी. साताऱ्यात मी आणि माझी मैत्रीण गेली दोन वर्षं लहान मुलांचे सुती कपडे शिवतोय. झबली, टोपडी, बंड्या आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे फ्रॉक. दोन शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, आमच्याबरोबर तीन बायका कामाला. पहिल्या खेपेला ३०० नग केले होते. ते नात्यागोत्यात, दोन प्रदर्शनांत आणि फोनवरून विकले गेले.

तेव्हा लेबलाचा विचारच केला नव्हता. साटीनच्या फितीवर सोनेरी अक्षरांत नाव छापून घेतलं, नगामागं साठ पैसे. हँगटॅग, म्हणजे कपड्याला दोरीनं लटकवायचा टॅग, मात्र हौसेनं केला. जाड हातकागद, त्यावर पिंपळपानाची नक्षी, सुतळीची दोरी. त्याला नगामागं अकरा रुपये गेले.

मागच्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. तीन ठिकाणी विचारत विचारत त्यांनी आमचा नंबर मिळवला होता. थोरलीसाठी घेतलेलं आमचं झबलं आता त्या धाकट्याला घालतात. चौदा महिने झाले, कापड अजून मऊ आहे, शिवण कुठं उसवलेली नाही. त्यांना बहिणीच्या बाळासाठी आणखी सहा हवी होती. म्हणाल्या, "अहो, पण तुमचं नावच सापडेना!" मग त्यांनी फोटो पाठवला. मानेशी आमचं लेबल होतं, पांढरं, कोरं. एकही अक्षर उरलेलं नव्हतं. पिंपळपानाचा टॅग तर त्या घरात एक दिवसही राहिला नसणार.

त्या बाईंनी नेटानं शोधलं म्हणून आम्ही सापडलो. ज्यांनी शोधलं आणि सापडलो नाही, त्यांचा हिशेब कसा लावायचा? शिलाई चांगली करूनही आपण गिऱ्हाइकाच्या घरात निनावी झालो, हे मला फार लागलंय.

आता ५०० नगांची खेप करायची आहे. लेबल, टॅग, बटणं, टिच बटणं, नाडी असं सगळं धरून नगामागं जास्तीत जास्त चौदा रुपये घालू शकतो. या धंद्यातल्या जाणत्यांनी सांगा, ते कसे वाटावेत?

---

रविवारपेठ

ताई, छापील साटीन लेबलं सगळी वाईट नसतात. शाई कुठली, ती तापवून पक्की केली का, यावर सगळं आहे. पुढच्या वेळी ऑर्डर देण्याआधी नमुन्याच्या दहा फिती मागा आणि घरच्या मशीनमध्ये गरम पाण्यात वीस वेळा धुवा. आठवडाभराचं काम आहे. बटणं-लेससाठी पुण्यात आमच्या पेठेत या, मुंबईला जात असाल तर भुलेश्वर. दुकानात हातात घेऊन बघा, फोटोवरून बटण घेऊ नका.

---

तिरुपूरकर

मी मूळचा कराडचा, सोळा वर्षं तमिळनाडूत तिरुपूरला होजिअरी निर्यातीच्या कंपन्यांत मर्चंडायझर, म्हणजे ऑर्डर कारखान्यातून पूर्ण करून घेणारा, म्हणून काम करतोय. तुमचा फोटोचा किस्सा वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. टॅगचं काम दुकानात संपतं, लेबलाचं काम घरी सुरू होतं. पहिला नग टॅग विकतो, कापडाचा स्पर्श विकतो, किंमत विकते. दुसरा नग लेबल विकतं. तुमच्यासारख्या छोट्या ब्रँडचा जीव दुसऱ्या नगात असतो, कारण नवीन गिऱ्हाईक शोधायला तुमच्याकडे जाहिरातीचा पैसा नाही. तुम्ही अकरा रुपये पहिल्या दिवसाला दिलेत आणि साठ पैसे पुढच्या चौदा महिन्यांना.

तेव्हा विणलेलं लेबल घ्या. त्यात अक्षरं शाईची नसतात, रंगीत धाग्याची असतात, जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली. धागा आहे तोवर नाव आहे. साधारण तीन जाती मिळतील. टॅफेटा म्हणजे साधी विण, स्वस्त, पण पोत खरखरीत आणि बारीक अक्षरं फुटतात. डमास्क दाट विणीचं, बारीक अक्षरही स्वच्छ येतं. साटीन विण चकचकीत आणि मऊ, पण धागे वर तरंगत असल्यामुळे नख लागलं की ओढले जातात. लहान मुलांसाठी डमास्कच, आणि त्यातही धागा बारीक डेनियरचा मागा (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप). नेहमीपेक्षा थोडं महाग पडेल, पण हाताला फरक लगेच कळतो.

मात्र लेबल टोचतं ते विणीमुळे कमी आणि कडेमुळे जास्त. पॉलिएस्टरची फीत गरम पात्यानं कापली की कड वितळते, थंड झाली की तिची बारीक करवत होते. तीच मुलांच्या मानेला लागते. अल्ट्रासॉनिक पद्धतीनं, म्हणजे ध्वनिकंपनांनी, कापलेली कड बरीच मऊ येते. ऑर्डर देताना हे विचारा, आणि नमुना आल्यावर कड स्वतःच्या ओठांवरून फिरवून बघा. बोटांना जे कळत नाही ते ओठांना कळतं. आमच्याकडे बाळांच्या कपड्यांना आम्ही असंच तपासतो.

दुमडीचंही तसंच. 'एंड फोल्ड' म्हणजे दोन्ही टोकं मागे दुमडून टाके घालायचे, कापलेली कड आत लपते. 'सेंटर फोल्ड' म्हणजे मधोमध दुमडून शिवणीत अडकवायचं, त्याचा छोटासा दुमडलेला पट्टा शिवणीबाहेर राहतो. बाळाच्या झबल्याला मानेशी काहीच लावू नका. बाहेरच्या बाजूला, खालच्या घेराशी, बाजूच्या शिवणीत छोटं सेंटर फोल्ड लेबल द्या. ते बाळाला लागत नाही, आणि आईला मात्र कपड्याची घडी घालताना रोज दिसतं.

बटणांचं उद्या लिहितो, तो वेगळा आणि जास्त गंभीर विषय आहे.

---

दोन_पोरांची_आई

आईच्या बाजूनं सांगते. माझा धाकटा पाच वर्षांचा होईपर्यंत कुठलंही लेबल सहन करायचा नाही. कपडा अंगात घातला की मानेवर हात नेऊन रडायचा. मी कात्रीनं लेबल कापायचे, तर शिवणीत जो खुंट उरायचा तो आणखी टोचायचा. मग बसून एकेक टाका उसवायचा. कितीतरी चांगल्या ब्रँडची नावं मी अशी केरात टाकली आहेत आणि नंतर मलाच आठवली नाहीत. तिरुपूरकर म्हणतात ती घेराशी लेबल लावायची कल्पना फार आवडली. तिथलं मी कधीच कापलं नसतं.

आजकाल टी-शर्टवर मानेशी नुसता छापा असतो, ते टॅगलेस का नाही करत?

---

तिरुपूरकर

टॅगलेस म्हणजे हीट ट्रान्सफर, उष्णतेनं कापडावर उतरवलेला छापा. हेन्स या अमेरिकी कपडे कंपनीनं २००२ मध्ये टी-शर्टचं लेबल काढून छापा आणला आणि त्याचीच जाहिरात केली. लेबल *नसणं* हीच ओळख झाली. मोठ्या माणसांच्या होजिअरी कपड्यांना उत्तम. पण मलमलीवर तो छापा उलट बाजूनं दिसतो, आणि बाळांच्या बाबतीत सावध राहावं लागतं. २००८ मध्ये अमेरिकेत बाळांच्या कपड्यांवरच्या अशा छाप्यांमुळे पाठीवर पुरळ उठल्याच्या तक्रारी आल्या आणि तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला पालकांसाठी सूचना काढावी लागली. शाईत काय आहे हे तुम्हाला तपासून घेता येणार नसेल, तर बाळाच्या कातडीला लागून छापा नको.

---

गिरणगाव

लेबलानं अंगाला खाज सुटणं हे आपल्याकडे फार जुनं आहे. धोबी कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करायचे. बिब्ब्याच्या तेलात चुना मिसळला की काळी खूण उठते आणि ती कितीही धुतली तरी जात नाही. म्हणूनच इंग्रजीत बिब्ब्याला 'मार्किंग नट' म्हणतात. त्या तेलानं कातडीवर फोड येतात, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. दुसऱ्या महायुद्धात इकडे आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर धोब्याच्या खुणेखाली पुरळ उठायला लागलं, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्यावर रीतसर लेख लिहिला. पक्की खूण आणि सुखाची खूण एकाच वेळी साधणं सोपं नाही, हे तेव्हापासूनचं आहे.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत घडी खात्यात होते. माग चालवणारे साचेखात्यात, सूत काढणारे त्रासनात आणि तयार कापडाच्या घड्या घालून, छाप मारून, ताके बांधणारे घडी खात्यात. ते सांगायचे, "कापड साचेवाल्यानं विणलं, पण त्याला नाव आम्ही दिलं."

त्यांच्याकडे एका वहीत जुनी तिकिटं चिकटवलेली होती. 'तिकीट' म्हणजे ताक्यावर चिकटवायचं रंगीत चित्र. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरहून हिंदुस्थानात कापड यायचं ते अशी चित्रं लावून. दगडावर एकेक रंग चढवून केलेला छापा, त्यात देवदेवता, राजे, हत्ती, वाघ, मोर, आगगाडी असं काहीही. पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही तेच केलं. कारण अगदी साधं. बाजारातल्या बहुसंख्य गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हतं. कोणी कंपनीचं नाव सांगायचं नाही, छाप सांगायचं. गेल्या वेळचं हत्तीवालं कापड द्या, मोरवालं नको. चित्र बदललं की गिऱ्हाइकाचा विश्वास गेला. व्यापाऱ्यांमध्ये चित्रांची चोरी इतकी व्हायची की त्यावरून खटले चालायचे. १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा आला तो याच काळात.

आजोबांच्या वहीतलं एक तिकीट मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. गाय आणि वासरू, भोवती महिरप, खाली देवनागरीत आणि गुजरातीत नाव. १९८२ चा संप झाला, आजोबांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. वही चाळीतून खोली बदलताना गेली. कापड कुठलं कसं होतं हे आता कोणाला सांगता येणार नाही, पण गाय-वासराचं चित्र माझ्या वडिलांनाही आठवतं.

झबलं_टोपडं, तुमच्या टॅगवर पिंपळपान आहे म्हणालात. ते टॅगवर कशाला? लेबलावर आणा. सहा महिन्यांनी नाव विसरणारी बाई 'ते पिंपळपानवालं झबलं' म्हणून बरोबर विचारेल.

---

सुईदोरा

गिरणगाव, अगदी भरून आलं. आजोबांचं ते वाक्य कुठेतरी लिहून ठेवा.

---

निळीधुवण

मी कापडाची डिझायनर आहे आणि डेनिमवर बरंच काम केलंय. गिरणगाव यांनी सांगितलं ते हुबेहूब लिव्हाइस या अमेरिकी जीन्सच्या ब्रँडच्या बाबतीत घडलंय, म्हणून जोडते.

नेवाडातल्या रीनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस यानं पँटचे खिसे उसवू नयेत म्हणून कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट, म्हणजे धातूच्या छोट्या खिळ्या, ठोकले. त्याचं पेटंट २० मे १८७३ रोजी त्याला आणि लिव्हाय स्ट्रॉसच्या कंपनीला मिळालं. तेव्हा रिव्हेट हीच त्यांची ओळख होती. पण पेटंटची मुदत ठरलेली, ती संपली की कोणीही रिव्हेट ठोकणार. हे पुढचं ओळखून त्यांनी १८८६ मध्ये कमरेमागे चामड्याचा पॅच लावायला सुरुवात केली. पॅचवर चित्र असं की दोन घोडे एक पँट दोन बाजूंनी ओढताहेत आणि ती फाटत नाही. गिऱ्हाइकांत इंग्रजी न वाचणारे पुष्कळ होते. ते दुकानात जाऊन दोन घोड्यांची पँट मागायचे. १९२८ पर्यंत त्या मालाचं नावच 'टू हॉर्स ब्रँड' होतं. आपल्या हत्ती छापाचं सख्खं भावंडच म्हणा.

नंतर १९३६ मध्ये मागच्या उजव्या खिशाच्या शिवणीत लाल फितीचा तुकडा आला. तोवर सगळ्यांच्याच पँटी निळ्या आणि रिव्हेटवाल्या झालेल्या. आपली पँट लांबून ओळखू यावी म्हणून ती फीत. काय आहे ती? बोटाच्या पेराएवढं विणलेलं सेंटर फोल्ड लेबल! तिरुपूरकरांनी तुम्हाला घेराशी लावायला सांगितलं त्याच जातीचं.

मला यात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. मागच्या खिशावरची कमानीसारखी दुहेरी शिलाई नुसती शोभेची होती, तिच्यावर धागा खर्च करायला बंदी आली. तेव्हा त्यांनी ती कमान रंगानं खिशावर काढली, पण सोडली नाही. खूण एकदा ठरली की ती टिकवायला किती धडपड करावी लागते बघा.

आणि पॅचचं चामडं? धुण्यात ते आक्रसायचं, कडक व्हायचं. १९५० च्या दशकात त्यांनी चामड्यासारखा दिसणारा जाड कागदी पॅच आणला. लेबल धुण्यात टिकलं नाही तर जगातल्या मोठ्या ब्रँडलाही ते बदलावं लागलंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

---

पांढरे_टाके

माझं मत जरा वेगळं आहे. सगळे लेबल मोठं करा, ठळक करा म्हणतात. मार्टिन मार्जिएला या बेल्जियन फॅशन डिझायनरनं १९८८ साली पॅरिसमध्ये आपलं फॅशन घराणं सुरू केलं तेव्हा कोरं पांढरं लेबल लावलं, चार कोपऱ्यांना चार साधे पांढरे टाके घालून. अस्तर नसलेल्या कपड्याला ते चार टाके बाहेरून दिसतात. नाव कुठेच नाही, तरी जाणकार लांबून ओळखतो. कपडा चांगला असेल तर नाव ओरडावं लागत नाही. झबलं_टोपडं, तुमच्या कापडाची आणि शिलाईची आठवण चौदा महिने टिकलीच ना?

---

झबलं_टोपडं

पांढरे_टाके, तुमचं म्हणणं समजलं, पण पटलं नाही. त्यांच्या कोऱ्या लेबलामागं पॅरिसचे शो आणि मासिकं उभी होती. आमच्या कोऱ्या लेबलामागं काहीच नव्हतं. शिवाय कपड्याची आठवण राहिली तरी वाट सापडायला नाव लागतं. त्या बाईंना कापड आठवत होतं, आम्ही आठवत नव्हतो.

पण चार टाक्यांची गोष्ट मनात राहिली. आमच्याकडं कामाला येणाऱ्या एक काकू झबल्याच्या बंदाच्या टोकाला हातानं लाल दोऱ्याचा छोटा गाठटाका घालतात. पीळ सुटू नये म्हणून, सवयीनं. मी कधी सांगितलेलं नव्हतं. आता वाटतंय ते सगळ्या नगांवर करावं.

---

पांढरे_टाके

हे तर लेबलाहून मोठं आहे. माझं मत मागं घेत नाही, पण तुमच्याकडे आधीच खूण आहे आणि ती कामातून आलेली आहे. तो लाल टाका अजिबात सोडू नका.

---

येवलेकर

आमच्या घरात चौथी पिढी पैठणी विणते. लेबलाबद्दल आमच्या गिऱ्हाइकांचा जो गोंधळ होतो तो इथं सांगावासा वाटतो, कारण तुम्ही सुती कापडावर 'हातमाग' लिहिणार असाल तर तुम्हालाही तोच प्रश्न येईल.

सिल्क मार्क २००४ ला आला. तो सांगतो की धागा शुद्ध रेशमाचा आहे. हँडलूम मार्क २००६ चा, तो सांगतो की कापड हातमागावर विणलंय. या दोन वेगळ्या गोष्टी. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीला सिल्क मार्क मिळतो, आणि तो खराच असतो. पण गिऱ्हाईक टॅग बघतं आणि समजतं की हातमागाची पैठणी मिळाली. दुकानदारानं खोटं काही सांगितलेलं नसतं, फक्त पुरतं सांगितलेलं नसतं. हातमागाच्या किमतीला दुसरंच घेऊन लोक घरी जातात आणि इकडं आमचा माग थांबतो. ही आमची खरी व्यथा आहे.

म्हणून आमचे वडील गिऱ्हाइकाला टॅग दाखवतच नाहीत, पदर उलटा करतात. हातानं विणलेल्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागं धागे लोंबत नाहीत. तेवढं एक बघायला शिकवलं की माणूस पुढं फसत नाही.

तुमच्या टॅगवर जागा असेल तर नक्षीऐवजी एक ओळ लिहा: कापड कुठलं, हातमागावरचं की यंत्रमागावरचं, आणि ते कसं ओळखायचं. असा टॅग माणूस लगेच टाकत नाही. आमच्याकडं लोक अशी चिठ्ठी साडीच्या घडीत ठेवतात.

---

कलम_पंचवीस

पेशानं ट्रेडमार्कचं काम करतो. लेबलं विणायला टाकण्याआधी चार गोष्टी.

नाव आधी शोधून बघा. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध फुकट करता येतो. कपड्यांचा वर्ग २५. हजार लेबलं विणून झाल्यावर तेच नाव दुसऱ्याचं निघालं, तर लेबलं उसवायची वेळ येते.

व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे वाढवता येते. नाव आणि पिंपळपान यांचे वेगवेगळे अर्ज केलेत तर संरक्षण जास्त पक्कं, पण पैसे कमी असतील तर आधी नुसत्या नावाचा करा.

'टीएम', म्हणजे ट्रेडमार्कवर हक्क सांगणारी खूण, लावता येतं. गोलातला 'आर', म्हणजे नोंदणी झालेल्या ट्रेडमार्कची खूण, मात्र नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना तो लावणं कायद्यानं दंडनीय आहे. बरेच छोटे ब्रँड शोभेसाठी लावतात, तुम्ही लावू नका.

निळीधुवण यांच्या लाल फितीत एक भर घालतो. लिव्हाइसच्या काही पँटींवर ती फीत कोरी असते, नुसता गोलातला 'आर'. गिऱ्हाइकाला वाटतं नग सदोष आहे. पण तो मुद्दाम तसा काढलेला असतो, कारण त्यांचा हक्क फितीवरच्या शब्दापुरता नाही, त्या जागच्या फितीवरच आहे हे त्यातून टिकतं. कपड्यावरची *जागा* हीसुद्धा मालमत्ता होऊ शकते. घेराशी डाव्या शिवणीत लेबल लावायचं ठरवलंत तर प्रत्येक नगाला तिथंच लावा, दर खेपेला हलवू नका.

आणि सक्तीचा मजकूर विसरू नका. खुल्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांना २०२२ मध्ये काही सवलती मिळाल्या, तरी कमाल किरकोळ किंमत, साइज, उत्पादकाचं नाव आणि ग्राहकाला संपर्कासाठी फोन-ईमेल लागतोच. तो टॅगवर घ्या.

---

तिरुपूरकर

आता बटणं. सगळ्यात जास्त काळजी इथं घ्या.

लहान मुलाच्या कपड्याचं बटण निघालं तर ते तोंडात जातं. निर्यातीत आम्ही बटण यंत्रात पकडून ९० न्यूटनच्या जोरानं ओढतो, म्हणजे साधारण नऊ किलोचा ताण. तुमच्याकडे यंत्र नसेल तर सामानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा वजनकाटा मिळतो, तो घ्या. बटणाला दोरा अडकवून नऊ किलोपर्यंत हळूहळू ओढा आणि दहा सेकंद धरा. ही काही प्रयोगशाळा नाही, पण कच्चं काम लगेच उघडं पडतं.

बटण मशीनवर लावत असाल तर टाका साखळीचा आहे की लॉकचा ते बघा. साखळी टाक्याचं टोक ओढलं की सगळा दोरा सर्रकन उसवतो. मुलांच्या कपड्यांना लॉक टाकाच. टिच बटण मलमलीला लावायचं तर आत कापडाचा दुहेरी तुकडा किंवा बकरमची, म्हणजे ताठ अस्तराच्या कापडाची, चकती द्या. नाहीतर बटण टिकतं आणि कापडच गोल फाटतं.

गळ्याशी, टोपीला लांब नाडी अजिबात नको. झोपाळ्यात, घसरगुंडीत अडकून मुलं दगावली आहेत. अमेरिकेत दोन ते बारा वर्षांच्या मापांच्या वरच्या कपड्यांना टोपीशी किंवा गळ्याशी नाडी चालत नाही. टोपड्याचे बंद आपली परंपरा आहे हे मान्य, पण आखूड ठेवा, हनुवटीखाली गाठ बसेल इतकेच.

बटणाच्या मापाला बाजारात 'लाइन' म्हणतात. ४० लाइन म्हणजे एक इंच. फ्रॉकला १८ लाइन बघा, साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. ब्रँड म्हणून वेगळं दिसायचं असेल तर नारळाच्या करवंटीचं किंवा शिंपल्याचं बटण सुंदर दिसतं. पण शिंपला ठेच लागली की कडेनं तुटतो, आणि त्याची धार बोचते. करवंटी गरम पाण्यात फार वेळ भिजू देऊ नये. बाळांना साधं पॉलिएस्टरचं चार भोकांचंच बरं.

अजून एक. धुण्याच्या सूचना खुणांनी द्या. टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि वर्तुळ, हीच पाच चिन्हं आणि याच क्रमानं. गिनेटेक्स या संस्थेनं ती १९६३ पासून चालवली, आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकात तीच आहेत. त्याशेजारी मराठीत एक ओळ घाला: "कोमट पाणी, सावलीत वाळवा." तेवढी ओळ आजीलाही वाचता येते.

---

दोन_पोरांची_आई

साइजबद्दल विनंती. '२' एवढंच लिहू नका. दोन महिने की दोन वर्षं? लेबलावर स्पष्ट लिहा. कपाटात पाच वर्षांचे कपडे एकावर एक असतात, अंधारात बाळ रडत असतं आणि आपण बाही मोजत बसतो.

---

झबलं_टोपडं

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

नावाचा शोध घेतला, अर्ज केला. लेबल विणलेलं, डमास्क, बारीक धाग्याचं. किमान ऑर्डर हजाराची होती, नगामागं दोन रुपये दहा पैसे पडले. पांढऱ्यावर विटकरी पिंपळपान, खाली आमचं नाव आणि 'सातारा'. मागच्या बाजूला "६ ते १२ महिने" असं पूर्ण. पहिला नमुना गरम पात्यानं कापलेला आला. ओठांवरून फिरवला आणि परत पाठवला. दुसरा अल्ट्रासॉनिकचा आला, तो ठेवला. दोन नग पंचवीस वेळा धुतले, पान जसंच्या तसं आहे. जागा कायमची ठरवली: डाव्या शिवणीत, घेरापासून दोन बोटं वर.

टॅग अकरावरून तीन रुपयांवर आणला. साधा तपकिरी कागद, एका बाजूला किंमत आणि सक्तीचा मजकूर, दुसऱ्या बाजूला येवलेकरांनी सुचवल्याप्रमाणं कापडाबद्दल लिहिलं. आमचं कापड यंत्रमागाचं आहे, तसंच लिहिलं. मैत्रीण म्हणाली की हे कशाला सांगायचं? दोन दिवस वाद झाला. शेवटी "इचलकरंजीच्या यंत्रमागावरची सुती मलमल, शिवण्याआधी दोनदा धुतलेली" असं छापलं. आता तिलाच ते सर्वांत आवडतं.

उरलेले पैसे बटणांत. वजनकाट्यावर ओढल्यावर जुन्या साठ्यातल्या वीसपैकी सात टिच बटणं निघून आली. ती सगळी पेटी बाजूला काढली. ते बघून पोटात गोळा आला, कारण तसलीच आम्ही आधी विकली आहेत. मागच्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांचे फोन नंबर होते त्या सगळ्यांना फोन करून सांगितलं की टिच बटणाचं झबलं असेल तर बाळाला घालू नका, आमच्याकडं पाठवा, बदलून देतो. एकशे सतरा जणांपर्यंत पोहोचलो. अठरा नग परत आले, त्यांना बंद लावून दिले.

आणि काकूंचा लाल टाका आता प्रत्येक बंदावर आहे. त्यांनी इतर दोघींना शिकवला. एका नगाला दोन मिनिटं जास्त लागतात, त्याची मजुरी वेगळी धरली आहे.

त्या फोनवाल्या बाईंना सहा झबली गेली. सोबत एका पाकिटात एक सुटं लेबल ठेवलं होतं, त्यांच्या जुन्या झबल्यासाठी. परवा त्यांनी फोटो पाठवला. कोरं साटीन उसवून टाकलंय आणि घेराशी स्वतःच्या हातानं पिंपळपान शिवलंय. टाके वाकडे आहेत.

आता फोन केला त्या सगळ्यांना असं सुटं लेबल टपालानं पाठवायचं ठरवलंय. तिरुपूरकर, घरी हातशिलाईनं लावायचं तर दुमड कुठली द्यावी? सेंटर फोल्डला शिवण उसवावी लागते, ते सगळ्यांना जमायचं नाही.

---

तिरुपूरकर

त्यांच्यासाठी एंड फोल्ड. दोन्ही टोकं आधीच आत दुमडलेली येतात, नुसतं ठेवून चार बाजूंनी शिवता येतं. सेंटर फोल्डचा मजकूर अर्ध्यात विभागलेला असतो, त्यामुळे तीच फीत चालणार नाही, थोडी वेगळी विणून घ्यावी लागेल. त्याच कारखान्याला विचारा, तेच रंग त्याच मागावर लागलेले असताना दोनशे जास्तीची सहसा देतात. पाकिटात लाल दोऱ्याचा हातभर तुकडाही गुंडाळून टाका.

---

गिरणगाव

एक लेबल मलाही पाठवा. वही नवीन सुरू करतोय.